मुसीचा महापूर आणि विश्वेश्वरय्या

दरवर्षी गणेशोत्सवाच्या आगेमागे १५ सप्टेंबर येतो. काही वर्षी तर बाप्पा घरात असतानाच येतो. त्या दिवशी आमच्या कार्यालयात म्हैसुरी पगडी घातलेल्या, सडपातळ, करारी चेहऱ्याच्या एका वृद्ध गृहस्थांच्या फोटोला हार घातला जातो. दोघे-तिघे भाषण करतात, चहा-समोसा होतो आणि मंडळी आपापल्या टेबलाकडे परततात. भाषणांत दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणाची आणि दुसरी दोन मेणबत्त्यांची. सरकारी कामाला सरकारी मेणबत्ती, घरच्या कामाला घरची. गोष्ट चांगली आहे, पण वर्षानुवर्षे तीच ऐकताना मला वाटत राहते की आपण हैदराबादकरांनी या माणसाची वेगळी आठवण ठेवायला हवी. भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे आपल्या शहरावरचे ऋण मेणबत्तीच्या गोष्टीत मावणारे नाही. मुसीच्या महापुरात हे शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा ते पुन्हा कसे उभे करावे हे सांगायला त्यांना बोलावले होते. आणि ते आले तेव्हा त्यांच्या गाठीशी मराठी मुलखात केलेल्या नोकरीचा अनुभव होता.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे विद्वान होते. घरात विद्या होती, पैसा नव्हता. विद्यार्थिदशेतच वडिलांचे छत्र हरपले. पुढे बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना एका घरी मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी दिवस काढले आणि १८८१ साली बी. ए. झाले. गणितातली त्यांची गती पाहून म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि हा मुलगा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. तेच आजचे सीओईपी. तिथे १८८३ साली ते स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले, आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. पहिली नेमणूक नाशकाला, मग खानदेशात धुळ्याकडे.

धुळ्याची हकिकत आमच्यासारख्यांनी वाचण्याजोगी आहे. पांझरा नदीतून कालव्याचे पाणी पलीकडे नेण्यासाठी दातर्तीजवळ पाइपचा सायफन घालायचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा लागला, नदीला पूर येऊ लागले आणि खणलेले सगळे वाळूने भरू लागले. काम थोडे पुढे ढकलावे असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना हा नव्या पोराचा हट्ट वाटला आणि समज मिळाली. विश्वेश्वरय्यांनी वाद वाढवला नाही. पावसातच काम रेटले आणि पुरे करून दाखवले. वयाच्या पंचविशीच्या आतच, पुरात नदी कशी वागते हे त्यांनी तिच्या पात्रात उभे राहून पाहिले होते. पुस्तकातली नदी आणि पावसाळ्यातली नदी यांतला फरक पुढे त्यांना कुणी सांगावा लागला नाही.

त्यानंतर सिंधमध्ये सक्करच्या पाणीपुरवठ्याचे काम झाले, सुरतेला बदली झाली आणि मग ते पुण्याला आले. पुणे हे त्यांचे दुसरे घरच. न्यायमूर्ती रानडे, गोखले, टिळक यांच्या काळातले ते पुणे. रानडे आणि गोखले यांच्याशी विश्वेश्वरय्यांचा चांगला परिचय होता आणि पुण्याच्या डेक्कन क्लबच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. पुण्यातल्या कामांपैकी दोन सर्वांना माहीत आहेत. एक म्हणजे कालव्याचे पाणी पाळीपाळीने व ठरावीक क्षेत्राला देण्याची ब्लॉक पद्धत. दुसरे खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे. खडकवासल्याच्या तलावातून दर पावसाळ्यात सांडव्यावरून खूप पाणी वाया जाई. धरणाची भिंत न वाढवता सांडव्यावर त्यांनी असे दरवाजे बसवले की पाणी ठरावीक पातळीवर आले की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. त्यामुळे पाण्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली आणि साठा जवळजवळ पाव पटीने वाढला. १९०३ च्या सुमाराचे हे काम. पुढे ग्वाल्हेरच्या तिघ्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही त्याच धर्तीचे दरवाजे बसले. आपल्या ग्वाल्हेरच्या सोयऱ्याधायऱ्यांना हे मुद्दाम सांगावे.

खडकवासल्याची आठवण निघाली की आपल्यापैकी पुण्याकडे नातेवाईक असणाऱ्यांना १२ जुलै १९६१ ची तारीख आठवतेच. पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासला धरणही फुटले आणि पुणे बुडाले. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, शंभरीच्या उंबरठ्यावर होते. ज्या तलावावर त्यांनी ऐन उमेदीत दरवाजे बसवले, तो रिकामा झाल्याची बातमी त्यांच्या हयातीतच आली.

मुंबई इलाख्यात पुढे ते सॅनिटरी इंजिनिअर झाले. धारवाड, विजापूर अशा गावांच्या पाणी योजना त्यांनी आखल्या, सरकारच्या वतीने एडनला जाऊन तिथल्या पाण्याचा व सांडपाण्याचा अभ्यास केला. पण इंग्रजी राज्यात हिंदी माणसाला खात्याच्या सर्वोच्च जागी बसू देत नसत. हे ओळखून १९०८ साली, पूर्ण पेन्शनची वर्षे भरण्याआधीच, त्यांनी नोकरी सोडायचे ठरवले आणि परदेशातली मोठी कामे पाहण्यासाठी युरोपच्या प्रवासाला निघाले. हा प्रवास चालू असतानाच इकडे मुसी कोपली.

२८ सप्टेंबर १९०८. नवरात्र नुकते बसले होते, रमजानही त्याच सुमारास सुरू झाला होता. जुन्या हैदराबादेत या घटनेला तुग्यानी म्हणतात आणि आपल्या जुन्या मराठी घरांतही हाच शब्द चालत आला आहे. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेले सांगायची. तुग्यानीच्या आधी आणि तुग्यानीच्या नंतर, अशी त्या पिढीची कालगणनाच होती. लग्न, जन्म, घर बांधणे, सगळे त्या हिशेबात. लहानपणी मला वाटायचे की तुग्यानी ही कुणी बाई असावी.

त्या दोन दिवसांत शमशाबादला ४८ तासांत जवळपास १९ इंच पाऊस पडला, त्यातला पावणेतेरा इंचांहून अधिक २४ तासांत. मुसी अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते आणि शहराच्या अलीकडे ईसी नदी तिला येऊन मिळते. दोन्ही नद्यांना एकदमच लोंढा आला. अफझलगंजचा, मुस्लिम जंगचा आणि चादरघाटचा हे तिन्ही पूल गेले, कुतुबशाहीतला जुना पूल तेवढा उभा राहिला. अफझलगंजचा दवाखाना वाहून गेला. कोळसावाडी, घांसी बाजार यांसारख्या वस्त्या दिसेनाशा झाल्या. सुमारे १५ हजार माणसे दगावली असे सांगतात, बेघर झालेले याच्या कितीतरी पट. आज जिथे उस्मानिया दवाखाना आहे त्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे जीव वाचले. ते झाड अजून उभे आहे. दवाखान्यात कुणाला भेटायला गेलात तर दोन मिनिटे वाकडी वाट करून बघून या.

लोकांच्या मदतीला शहर धावले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी अन्नछत्रे उघडली, वाड्यांची दारे उघडली. सरोजिनी नायडूंनी केलेल्या मदतकार्याची दखल घेऊन पुढे त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले. आपली विवेकवर्धिनी त्या वेळी नुकतीच सुरू झालेली होती. भाकरी मिळाली, कपडा मिळाला, मेलेल्यांवर संस्कार झाले. पण महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्येक पुरानंतर जो प्रश्न उरतो तो उरलाच. घर पुन्हा बांधायचे, पण कुठे? आणि पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा अशीच आली तर?

निजाम सरकारने या प्रश्नासाठी विश्वेश्वरय्यांना बोलावले. तार मिळाली तेव्हा ते इटलीत होते. ठरलेला अभ्यासदौरा पुरा करून येतो असे त्यांनी कळवले आणि सरकार थांबले. १५ एप्रिल १९०९ रोजी ते हैदराबादेत रुजू झाले. कामे तीन होती. शहराच्या पुनर्रचनेला सल्ला देणे, पुन्हा पूर येऊन असा विध्वंस होऊ नये म्हणून योजना आखणे, आणि हैदराबाद व चादरघाट या दोन्ही भागांसाठी भुयारी गटारांचा संपूर्ण आराखडा करणे.

आता इथे विश्वेश्वरय्यांचे वेगळेपण दिसते. शहरभर पडझड दिसत असताना आणि लवकर काहीतरी बांधा असा सगळीकडून रेटा असताना त्यांनी आधी मोजायला घेतले. नदीच्या वरच्या अंगाला पाणलोट किती? ८६२ चौरस मैल. त्यात तलाव किती? ७८८. म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक. त्यातले पुरात फुटले किती? २२१. शहराजवळून पुराचे पाणी किती वेगाने गेले? सेकंदाला सुमारे ४ लाख २५ हजार घनफूट. पावसाच्या नोंदी जमवल्या, पाणी कुठवर चढले त्याच्या खुणा पाहिल्या, आणि मग कारण मांडले. पाऊस तर असाधारण होताच. पण वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर कोसळते, तो फुटला की दोघांचे पाणी तिसऱ्यावर. पत्त्यांचा बंगला कोसळावा तशी ही रांग कोसळत आली आणि ते सारे पाणी एकदम शहरात शिरले.

शेतीला पाणी देणारे, पूर्वजांनी मेहनतीने बांधलेले तलावच जीवघेणे ठरले, हे सांगणे सोपे नसते. पण कारण नीट समजल्याशिवाय उपाय निघत नाही. नुसती नदीच्या काठाने उंच भिंत बांधून काम भागणार नव्हते, कारण एवढे पाणी शहरातल्या पात्रात मावणारच नव्हते. म्हणून पूर शहरात आल्यावर त्याच्याशी झगडण्यापेक्षा तो शहराच्या वरच अडवावा असे त्यांनी ठरवले. मुसीवर एक आणि ईसीवर एक असे दोन मोठे जलाशय बांधायचे. लोंढा आला की तो जलाशयात थांबेल आणि पात्राला सोसेल तेवढेच पाणी हळूहळू खाली सोडता येईल. जोडीला शहरातले नदीकाठ उंच करून बांधून काढायचे, त्यावर रुंद रस्ते आणि बागा करायच्या, म्हणजे काठावर पुन्हा दाटीवाटीने घरे उठणार नाहीत. दाट वस्त्यांतून रस्ते रुंद करायचे. सांडपाण्याच्या मोठ्या नळ्या घालून ते शहराच्या खालच्या अंगाला न्यायचे. १ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुराला एक वर्ष होऊन तीनच दिवस झाले असताना, पूरनियंत्रणाचा अहवाल सरकारला सादर झाला.

मी पदविकाधारक साधा माणूस, मोठ्या अभियंत्यांच्या कामावर मत देण्याची माझी पायरी नाही. तरी या अहवालातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गटारे आणि पूर या दोन वेगळ्या फायली आहेत असे त्यांनी मानले नाही. पुराने पडलेले शहर होते तसे पुन्हा उभे करणे त्यांना पुरेसे वाटले नाही. शहर पुन्हा उभे करायचेच आहे तर आधीपेक्षा निरोगी करावे, आणि ज्या पाण्याने मारले त्याच पाण्याने पुढच्या पिढ्यांना जगवावे, अशी ती दृष्टी होती.

अहवाल देऊन विश्वेश्वरय्या १९०९ च्या नोव्हेंबरात मुख्य अभियंता म्हणून म्हैसूरला गेले. धरणे बांधली ती मागे राहिलेल्यांनी, हेही सांगायला हवे. महबूब अली खान १९११ मध्ये वारले, सातवे निजाम उस्मान अली खान गादीवर आले. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. १९१३ मध्ये मुसीवरच्या धरणाची पायाभरणी झाली आणि १९२० मध्ये उस्मानसागर पुरा झाला. तोच आपला गंडीपेट. ईसीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये झाला. या कामांशी संस्थानचे नामवंत अभियंते नवाब अली नवाज जंग यांचे नाव जोडलेले आहे. त्यांचा जन्मदिवस ११ जुलै हा तेलंगणात अभियंता दिन म्हणून पाळतात. म्हणजे आपल्याकडे वर्षातून दोनदा हार घातला जातो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. पूर अडवायला एक आराखडा करणारा लागतो आणि तो वर्षानुवर्षे चिकाटीने उतरवणारे पुष्कळ लागतात. ज्यांची नावे कुठेच नाहीत असे मिस्त्री, वडार, मजूर तर किती असतील.

नदीकाठही बदलला. व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाच्या आराखड्याने उच्च न्यायालय, सिटी कॉलेज आणि उस्मानिया दवाखाना या देखण्या इमारती काठावर उभ्या राहिल्या. पुराने वाहून नेलेल्या दवाखान्याच्या जागी शहराला नवा दवाखाना मिळाला. गंडीपेटचे पाणी घरोघर नळाने येऊ लागले. एकदा गंडीपेटचे पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. आपले पणजोबा-खापरपणजोबा मराठवाड्यातून, सोलापूर-पुण्याकडून इथे आले आणि इथलेच झाले, त्यात या पाण्याचाही वाटा असावा. गटारांच्या कामासाठी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना १९२० नंतरच्या काळात पुन्हा बोलावले आणि तेही आले.

पुढचे आयुष्य पुष्कळांना माहीत आहे. कावेरीवरचे कृष्णराजसागर, १९१२ ते १९१८ म्हैसूरची दिवाणगिरी, बँक, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ, कारखाने. दिवाणगिरी सोडल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९३७ मध्ये ओरिसात महापुराने हाहाकार झाला. गांधीजींनी सुचवल्यावरून विश्वेश्वरय्या तिकडे गेले. गांधीजी चरखा आणि ग्रामोद्योगाचे, हे मोठ्या यंत्रांचे आणि कारखान्यांचे. दोघांचे विचार जुळणारे नव्हते. पण पुरात बुडणाऱ्या माणसाचा प्रश्न आला तेव्हा दोघांनीही ते मतभेद बाजूला ठेवले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या विश्वेश्वरय्यांनी महानदीच्या खोऱ्यात फिरून तिथेही हैदराबादसारखाच सल्ला दिला. आधी नदीची मोजदाद करा, मग वर जलाशय बांधून पूर अडवा. स्वातंत्र्यानंतर महानदीवर हिराकूड धरण झाले, त्यामागे या विचाराचा धागा आहे. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ च्या एप्रिलमध्ये, शंभरी पार केल्यावर, ते गेले.

आता थोडे आजचे. २०२० च्या ऑक्टोबरात आपल्या शहरात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी पाहिला. गगनपहाडचा अप्पा चेरुवू फुटला, बालापूरकडचा गुर्रम चेरुवू फुटला, वस्त्याच्या वस्त्या पाण्यात गेल्या. गगनपहाड हे शमशाबादच्या शेजारी. १९०८ मध्ये जिथला पाऊस मोजला होता त्याच भागातले तलाव, आणि कारणही तेच. तलाव फुटतो आणि खालच्यांवर कोसळतो. फरक एवढाच की तेव्हा तलावाखाली शेत होते, आता घरे आहेत.

त्या दिवसांत पूरग्रस्तांच्या याद्या करण्याच्या कामावर मीही होतो. दर घराला १० हजार रुपयांची मदत जाहीर झाली होती. नाव, आधार क्रमांक, घर क्रमांक, कुटुंबातली माणसे, असे रकाने भरत आम्ही गल्लीगल्लीत फिरत होतो. एका घरातले वृद्ध गृहस्थ नाव सांगायच्या आधी माझा हात धरून आत घेऊन गेले आणि भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवू लागले. माझ्या छातीच्या वर होती. ते म्हणत होते की हे लिहून घ्या. माझ्या कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता. त्यांना बरे वाटावे म्हणून मी कोपऱ्यात पेनाने उंची लिहिली आणि पुढच्या घरी गेलो. ती यादी संगणकात गेली, तो कोपरा गेला नाही.

विश्वेश्वरय्यांच्या अहवालाविषयी वाचले तेव्हा मला ते गृहस्थ आठवले आणि थोडी लाजही वाटली. त्यांना जे उमगले होते, ते मला उमगले नव्हते. मदत त्यांना हवीच होती. पण त्याहून त्यांना हे हवे होते की पाणी कुठवर आले हे कुणीतरी नोंदवावे, म्हणजे पुढे कुणी त्याच्या खाली घर बांधणार नाही. १९०९ मध्ये एका माणसाने ही नोंद ठेवली म्हणून शहर वाचले.

आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. हे जलाशय मुळात पूर अडवण्यासाठी सुचवलेले होते, पुढे ते पिण्याच्या पाण्याचे झाले. उस्मानसागरात आज सुमारे ३.९ टीएमसी आणि हिमायतसागरात सुमारे ३ टीएमसी पाणी मावते. पूर अडवायचा तर जलाशयात रिकामी जागा हवी, पाणी प्यायचे तर तो भरलेला हवा. त्यामुळे सप्टेंबरात गंडीपेट काठोकाठ भरल्याची बातमी वाचून आपण आनंदतो तेव्हा नदीकाठच्या लोकांच्या पोटात गोळा येतो. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडले आणि मुसीच्या पात्रातच वसलेल्या महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरले, ते आठवा. पाणलोटात बांधकामे होऊ नयेत म्हणून १९९६ मध्ये १११ क्रमांकाचा आदेश निघाला, त्यावरचे वाद अजून संपलेले नाहीत. सरकारी नोकराने वादात पडू नये, मी पडत नाही. मात्र ७८८ तलाव मोजणाऱ्या त्या माणसाला आज पुन्हा मोजायला बोलावले असते तर किती आकडा लागला असता, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायला हरकत नाही.

आपल्यापैकी बरेच जण आता घर घेण्याच्या, मुलांसाठी फ्लॅट बघण्याच्या वयात आहेत. वास्तू बघतो, दिशा बघतो, शाळा किती लांब ते बघतो. त्यात एक गोष्ट वाढवा. जुन्या नकाशात तिथे तलाव होता का, नाला होता का, शेजारच्या जुन्या माणसाने पाणी कुठवर पाहिले आहे, हे विचारा. कुणी हसले तर हसू द्या. आणि घरात तुग्यानीच्या, २००० सालच्या, २०२० सालच्या आठवणी सांगणारी वडीलधारी माणसे असतील तर त्यांच्याकडून तारीख आणि पाण्याची उंची वहीत उतरवून घ्या. मंडळाच्या ग्रंथालयात अशी एक वही ठेवता आली तर माझ्या मते तो मोठा ठेवा होईल.

अनंत चतुर्दशीला आपण बाप्पाला हुसेनसागराच्या पाण्यात निरोप देतो आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो. पाणीही दरवर्षी येणारच आहे. विघ्नहर्त्याकडे एवढेच मागणे की ते आले की त्याला जागा द्यायची बुद्धी आपल्याला असू दे.

गणपती बाप्पा मोरया!